लेपासाठी मेणबत्ती

ग्राबोवित्सा,
रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

चि. यागोदा हिला स्तामेंका आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं फाटकातूनच ओरडून सांगितलं की इटली आली. मी पीठ मळत होते, तशाच हातांनी पाकीट घेतलं, त्यामुळे तुझ्या नावावर कणीक वाळली आहे. वाचायला मला अख्खी दुपार लागली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातूनही गुरं राखायला गेले ते दिवस वजा कर. पण तुझं अक्षर गोल आहे, कोंबडीनं एका रांगेत अंडी घालावीत तसं, म्हणून निभावलं.

तू पादोवाला शिकतेस हे मी गावात कुणाला सांगायला जात नाही. मी फक्त पत्र हातात धरून विहिरीपर्यंत जाते आणि परत येते. विचारणारे विचारतात.

नोव्हेंबरात शनिवार-रविवार धरून मैत्रिणीबरोबर त्रिएस्तेला जाणार, समुद्र बघणार, असं तू लिहिलंस. ते देसांकाच्या कानावर गेलं, म्हणजे गावभर गेलं. तिच्या नातवाला निळी जीन्स हवी आहे. कमरेचं माप म्हणून तिनं सुतळी कापून दिली आहे, ती या पाकिटात आहे. तिला गाठ मारलीस तर पोराचा श्वास अडकेल असं म्हणून ती स्वतःच हसत बसली. पोस्टातल्या बाईला कॉफी हवी. तुझा बाप काही नको म्हणतो, पण चपलांकडे बघून म्हणतो.

मला दुकानातलं काही नको. मला हवं ते दुकानात मिळत नाही, आणि ते मागायला इतकी वर्षं कुणी त्या गावाला चाललंही नव्हतं. लोक जायचे, पण ते जीन्सला जायचे. त्यांना काय सांगायचं?

तुझ्या आजीला एक थोरली बहीण आहे. होती म्हणू की आहे म्हणू, तेच तर. तिचं नाव लेपोसावा, आम्ही लेपा म्हणायचो. तुझ्या बापालाही हे नाव माहीत नाही, कारण या घरात ते घ्यायची बंदी होती. आमची आई येलेना आम्ही लहान असतानाच गेली. माझे केस विंचरले ते लेपानं, गोवरात रात्री जागली ती लेपा. आमच्या बाबांना, म्हणजे म्लादेनला, मुलगा नव्हता. घर बुडू नये म्हणून त्यांनी लेपासाठी घरजावई ठरवला: पलीकडच्या गावचा, गरिबाघरचा, कामाला वाघ. लेपा नको म्हणाली. बाबा म्हणाले, तुला विचारलं कुणी? लग्नाच्या आठवड्यात पहाटे ती निघून गेली. बेलग्रेडला एका व्यापाऱ्याकडे कामाला लागली आणि युद्धाच्या आधी त्या लोकांबरोबर त्रिएस्तेला गेली, एवढं कळलं.

इथं नवऱ्याची पेटी आली होती, नवरा आला होता, डुक्कर कापून झालं होतं. नवरी तेवढी नव्हती. मग मी होते. तो नवरा म्हणजे तुझा स्वेतोझार आजोबा. आता हसू नकोस, किंवा हस, मीही हसते.

युद्ध संपल्यावर त्रिएस्तेचा शिक्का असलेलं एक पाकीट आलं. बाबांनी ते न फोडता चुलीत घातलं. त्यानंतरच्या पितरांच्या शनिवारी आम्ही चर्चमध्ये गेलो. तुला माहीतच आहे, वरच्या कप्प्यात जिवंतांसाठी मेणबत्ती लावायची आणि खालच्या वाळूत मेलेल्यांसाठी. बाबांनी आईसाठी खाली लावली. मग दुसरी पेटवली आणि तीही खाली खोचली. पाद्री म्हणाला, ही कुणाची, म्लादेन? बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, माझ्या मुलीची. मी शेजारी उभी होते. पुढं मरेपर्यंत त्यांनी दर वेळी ते केलं.

बाबा गेल्यावर चर्चचं सगळं माझ्याकडं आलं. आईची खाली, बाबांची खाली, आता तुझ्या आजोबांची खाली. तुझी, तुझ्या आईबापाची वर. आणि लेपाची मी हातात धरून उभी राहते. वर लावायला हात धजत नाही, कारण जिवंत असती तर एक ओळ आली असती. खाली लावायला मन धजत नाही. ती हातातच संपते, मेण बोटांवर येतं. पाद्री म्हणतो, स्तामेंका, तू देवाला कोड्यात टाकतेस. मी म्हणते, त्यानं आधी मला टाकलं.

तेव्हा पोरी, तू समुद्र बघ, आइस्क्रीम खा, पण जायचंच आहे तर पितरांच्या शनिवारी जा, ७ नोव्हेंबरला. तिथं आपल्या लोकांचं चर्च आहे म्हणतात. लेपा असेल तर त्या दिवशी तिथं असेल, दुसरी कुठं असणार? नसेल, तर कुणी तिची मेणबत्ती लावत असेल. एवढं बघून ये. वर की खाली, एवढंच मला सांग.

राखाडी बदकानं अंडी उबवायची सोडली, बाकी सगळे मजेत. लोभ आहेच, त्यात घट झाली तर येऊन कान पिरगाळीन.

तुझी आजी
स्तामेंका


पादोवा,
२३ ऑक्टोबर १९८७

ती. आजीच्या पिठाळ हातांना यागोदाचा नमस्कार.

पत्र आणि सुतळी दोन्ही पोचलं, पाकिटाला तुझं पीठही लागलं आहे. माझ्या खोलीतली मैत्रीण ओर्नेला विचारत होती की तुमच्याकडे पत्रातून सुतळी का पाठवतात. मी माप सांगितलं, तर ती म्हणाली मग हा मुलगा फार बारीक आहे, त्याला आधी जेवायला घाला.

आजी, मी तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या मांडीवर मोठी झाले, तुझ्या प्रत्येक बकरीची गोष्ट मला पाठ आहे, आणि तुला बहीण आहे हे आज कळतं. मला थोडा रागही आला, तो मी सोडून दिला.

ओर्नेलाच्या मावशीकडे राहायची सोय झाली. तारीख बदलून आम्ही ७ तारखेलाच जातो. पण मी तिला ओळखू कशी? फोटो नाही. ती आता सत्तरीला आली असेल, नाव बदललं असेल, नवऱ्याचं आडनाव लागलं असेल. म्हाताऱ्या बायकांना अडवून तुम्ही पळून आलात का, असं विचारत सुटू का?

आणि दुसरं. समजा ती नसली. समजा खाली मेणबत्ती निघाली. तर ते मी तुला लिहायचं, की काही कळलं नाही असं सांगून गप्प बसायचं? तुझी तब्येत मला माहीत आहे. ते आत्ताच सांग, म्हणजे तिथं उभं राहून मला ठरवावं लागणार नाही.

अभ्यास चालू आहे. जेवण बरं आहे, पण मिरचीला मिरची म्हणावं अशी मिरची इथं नाही. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
यागोदा


ग्राबोवित्सा,
३० ऑक्टोबर १९८७

चि. यागोदाला आजीचे आशीर्वाद, या वेळी स्वच्छ हातांनी.

आधी दुसऱ्याचं उत्तर. लपवायचं नाही. लपवून ठेवलेलं मी आयुष्यभर खाल्लं आहे, आता पचत नाही. खाली असेल तर खाली लिही. मी रडेन, मग गहू शिजवीन, तिच्या नावानं वाटीन. रडायलाही ठिकाण लागतं, पोरी.

आता ओळखायचं. चेहरा बघू नकोस. म्हातारपणी आम्ही सगळ्या एकसारख्या होतो, देसांकाला आणि मला परवा डॉक्टरनं बहिणी समजलं, ती आठवडाभर रुसली. तू नावं ऐक. पितरांच्या शनिवारी बायका शिजवलेले गहू आणि पाव वाटतात की नाही, तेव्हा आपल्याकडच्या बाया देताना बोलतात: हे अमक्याच्या पुढ्यात जावो, हे तमक्याच्या पुढ्यात जावो. घेणारा म्हणतो, पोचो. तू कुणाचंही घे, नाही म्हणू नकोस, पोट फुटलं तरी. जिच्या तोंडून म्लादेन आणि येलेना ही दोन नावं पाठोपाठ येतील, ती आमच्या आईची मुलगी.

मी भाजलेल्या मिरच्यांचं लोणचं घातलं. घर अजून धुरकट आहे, शेजारचं मांजर शिंकत फिरतंय. तुझी बरणी वेगळी काढली आहे, तुझ्या बापापासून लपवून.

मला झोप कमी लागते, पण ते आनंदानं. बावळटपणा आहे, माहीत आहे. अजून काहीच झालेलं नाही आणि मी काल पांढरा रुमाल इस्त्री करून ठेवला. कशासाठी ते मलाही सांगता येत नाही.

डोक्याला बांधून जा, समुद्रावर वारं असतं. प्रेम आहे ते वाढत राहो.

आजी


पादोवा,
९ नोव्हेंबर १९८७

ती. आजीस यागोदाचा साष्टांग नमस्कार.

आधी बस. खुर्चीवर, चुलीजवळच्या बाकावर नको, त्याचा पाय हलतो.

वर, आजी. ती वर आहे. लेपा आजी जिवंत आहे.

आता सगळं नीट सांगते. शनिवारी सकाळी मी एकटीच चर्चमध्ये गेले, ओर्नेला बाहेर कालव्याकाठी थांबली. आत आपल्याच बायकांची गर्दी, काळे रुमाल, पावांच्या टोपल्या. तू सांगितलंस तसं कुणाचंही नाकारलं नाही. इतका पाव खाल्ला की एक बाई म्हणाली, हिला घरी जेवायला घालत नाहीत वाटतं. नावं ऐकत होते. कुणाचा मिलोराद, कुणाची क्रुना. मला वाटायला लागलं होतं की संपलं, आता तुला काय लिहू?

दाराजवळ एक उंच बाई उभी होती. करडा कोट, डोक्याला गुलाबी रुमाल, सगळ्या काळ्यांत ती एकटी गुलाबी. तिनं माझ्या हातात पाव आणि वर चमचाभर गहू ठेवले आणि आपल्याकडच्या हेलात म्हणाली, हे येलेनाच्या पुढ्यात जावो, हे म्लादेनच्या पुढ्यात जावो. मला पोचो म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि तिनं तिसरं नाव घेतलं.

म्हणाली, हे स्तामेंकाच्या पुढ्यात जावो.

आजी, मी तो घास तसाच हातात धरून उभी राहिले. कितीतरी गोष्टी मनात रचून गेले होते, त्यातली एकही आठवली नाही. मी म्हणाले, "स्तामेंका माझी आजी आहे. तिनं परवाच मिरच्यांचं लोणचं घातलंय."

ती तिथल्या पायरीवर बसली, टोपली मांडीवर घेऊन. मी तुझं, स्वेतोझार आजोबांचं, बापाचं, गावाचं नाव सांगितलं. तिला पटेना. म्हणाली, कुणी चेष्टा करायला पाठवलंय का तुला? मी तुझं पहिलं पत्र पिशवीतून काढून दाखवलं. तिनं ते वाचलं नाही, चष्मा घरी होता. फक्त पाकिटाला लागलेल्या पिठावरून अंगठा फिरवला.

तिचं असं झालं होतं. सरहद्द खुली झाली, आपले लोक तिकडं खरेदीला यायला लागले, तेव्हा ती बाजारात उभी राहून त्यांची बोली ऐकायची. एकदा डोंगराआडच्या गावचा एक माणूस भेटला. आपण कोण ते न सांगता तिनं विचारलं, ग्राबोवित्साचा म्लादेन कसा आहे? तो म्हणाला, आहे, पण बिचारा. दर पितरांच्या शनिवारी मुलीसाठी खाली मेणबत्ती लावताना दिसतो. लेपा आजीनं पुढं काही विचारलं नाही. म्लादेनला मुली दोनच. एक तर ती स्वतः इथं उभी होती, जीन्सच्या ढिगापाशी. म्हणजे मेली ती तू.

युद्धानंतरच्या तिच्या पत्राला उत्तर आलं नव्हतंच, आता पुन्हा लिहायचं तिनं सोडून दिलं. आणि तेव्हापासून तुझी मेणबत्ती खाली आहे. म्लादेन पणजोबा गेल्याचं तिला कुणी सांगितलं नाही, वय मोजून तिनं त्यांना खाली ठेवलं.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, मग त्यानं मेणबत्ती लावली ती कुणासाठी? आजी, मला खोटं बोलता आलं असतं. तू लपवायचं नाही म्हणाली होतीस, ते तुझ्यापुरतं होतं. पण मी म्हणाले, "तुमच्यासाठी."

ती रडली नाही. उठली, मला दंडाला धरून आत घेऊन गेली. खालच्या वाळूत तिनं आईबाबांसाठी आणि तुझ्यासाठी लावलेल्या तीन मेणबत्त्या जळत होत्या. त्यातली तुझी तिनं उपटली, न विझवता, ज्योतीला हाताचा आडोसा करून, आणि वरच्या कप्प्यात लावली. मी तिचं कोपर धरलं. मग पुन्हा खाली वाकली. मला वाटलं, आता म्लादेन पणजोबांची काढून फेकते. ती एका बाजूला कलली होती. तिनं ती सरळ केली, भोवती वाळू दाबली, आणि बाहेर आली.

बाहेर आल्यावर तिनं एकच गोष्ट विचारली, ती पुन्हा पुन्हा. तो स्वेतोझार तिला मारायचा का? मी म्हणाले, आजोबा? आजोबा गाईला गाणी म्हणायचे. तरी तिला खात्री वाटेना. म्हणाली, तिथं ती उभी राहिली ती माझ्या जागी. मी केस विंचरायची तिचे, आणि तिलाच पुढं ढकलून गेले.

तिला मूलबाळ नाही. नवरा बोटीवर होता, तो गेला. कापडाच्या दुकानात शिवणकाम करते अजून. मी तिला म्हणाले, चला ना, सुट्टीत मी घरी जाते, बरोबर चला. तर म्हणाली, त्या घरात मी मेलेली आहे. मेलेलं माणूस दारातून येत नसतं. तुझ्या आजीनं तिथं इतकी वर्षं काढली, तिच्या संसारात मी आता कोण?

तुझ्यासाठी निरोप मागितला, तिला देता आला नाही. पत्ता मात्र दिला, तो खाली लिहिला आहे. जीन्स राहिली, देसांका आजीला काय सांगायचं ते तू बघ. समुद्र आम्ही रविवारी पाहिला. मोठा आहे.

आता तूच लिही. माझ्यानं हे पुढं नेता येणार नाही. लोभ कायम असावा.

तुझी
यागोदा


ग्राबोवित्सा,
२० नोव्हेंबर १९८७

ती. लेपाताईस धाकट्या स्तामेंकाचा, रुमाल सारखा करून, वाकून नमस्कार.

ती. लिहिताना पेन अडखळलं. तू किती मोठी असशील असं वाटत राहतं आणि डोळ्यांपुढं येते ती वीस वर्षांची. मी पण म्हातारी झाले आहे, दात निम्मे आहेत, गुडघे पावसाची बातमी रेडिओच्या आधी देतात. बाकी जिवंत आहे. हे लिहिताना शेजारी सोललेल्या शेंगांचा ढीग आहे, मेलेली माणसं शेंगा सोलत नाहीत असा माझा समज आहे.

ताई, तू इतकी वर्षं माझ्या नावानं पाव वाटलास. टंचाई आली, गारपीट आली, गाय मेली, पण मी उपाशी अशी कधी झोपले नाही. मी याचं श्रेय स्वेतोझारला देत होते. आता त्यातलं थोडं काढून तुला देते. देसांका म्हणते, जिवंतपणी ज्याची खाली मेणबत्ती लागते त्याला मरण चुकतं. तसं असेल तर आपण दोघी आता गावाला पुरून उरणार.

यागोदानं सगळं लिहिलं. वाचताना मी हसत होते आणि मुलगा म्हणाला, आई, तू रडतेस. दोन्ही खरं.

तू पोरीला स्वेतोझारबद्दल विचारलंस. ताई, त्यानं मला कधी हात लावला नाही, लावायचा तो लावला. पहिला महिनाभर तो गोठ्यात झोपला, म्हणाला ही अजून रडते आहे, तिचं रडून होऊ दे. मग एके सकाळी मीच त्याला घोंगडी न्यायला गेले. चांगला माणूस होता. घोरायचा. तू जी जागा सोडलीस ती रिकामी होती, आणि मी तिथं बसले, आणि बसल्यावर ती माझी झाली. तुझं मी काही ओढून घेतलं असं मला कधीमधी वाटायचं. तुला वाटतं तू मला ढकललंस. दोघी मूर्ख. आपल्या आईनं आपल्याला एकाच पाळण्यात झोपवायला नको होतं.

बाबांची बाजू मी घेणार नाही. मरताना त्यांनी तुझं नाव घेतलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण घेतलं नाही, आणि मी खोटं लिहीत नाही. एवढं मात्र पाहिलं आहे की तुझ्या मेणबत्तीपाशी ते आईच्या मेणबत्तीपेक्षा जास्त वेळ थांबायचे. रागानं की कशानं, ते त्यांनाच माहीत. त्यांची कललेली मेणबत्ती तू सरळ केलीस ते यागोदानं लिहिलं, तेवढं वाचून मी अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाही. मला ते जमलं नसतं. तू पहिल्यापासून माझ्याहून चांगली.

आता कामाचं. तू म्हणालीस, माझ्या संसारात तू कोण. म्हणून मी बरेच दिवस विचार करत होते की तुला काय लिहून बोलवावं. मुलगा म्हणाला, छान शब्दांत आमंत्रण लिही. सून म्हणाली, तिकिटाचं आम्ही बघू म्हणून लिही. मी दोन कागद खराब केले.

मग आठवलं. १९ डिसेंबरला संत निकोला, आपल्या घराचा सण. बाबांच्या मागं मी तो चालवला, घरजावयाच्या घरात सण मुलीकडं राहतो. उपासाचा दिवस, म्हणून मासा असतो, शेंगा असतात, पावावर खूण करून पाद्री तो फोडतो. आणि तुला आठवत असेल, या सणाला आपल्याकडं कुणालाही बोलवत नाहीत. लग्नाला बोलवतात, बारशाला बोलवतात, परक्याला बोलवतात. घरच्या संताच्या दिवशी ज्याचं ते घर आहे तो आपण होऊन येतो. बोलावलं तर अपमान, म्हणजे तुला परकं धरलं.

म्हणून ताई, मी तुला बोलावत नाही. तू तिकडं काय शिवतेस, केव्हा सुटतेस, तेही विचारत नाही. फक्त ठाऊक असावं म्हणून लिहिते: बेलग्रेडची बस नेगोतिनला दुपारी येते, आणि तिथून आपल्या गावाची जुनीच वाट आहे, पण आता डांबर घातलंय. तू ज्या मागच्या दारानं गेलीस ते आम्ही केव्हाच बुजवलं, तिथं आता भिंत आहे. येण्याजाण्याला पुढचं एकच दार. त्या दिवशी ते दिवसभर उघडं असतं.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. मागावा लागेल असं वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझी धाकटी
स्तामेंका